टॅमॉक्सिफेनसोबत ‘कोबीचा अर्क’ : एक प्रकरण अभ्यास

बाई सातारा जिल्ह्यातल्या, वय ४७, शाळेत शिक्षिका. डाव्या स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढली, काखेतल्या एका लसीका ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या म्हणून केमो झाली आणि नंतर रेडिएशन. ट्यूमर ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या चिथावणीने वाढणारा; हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह. केमोच्या काळात थांबलेली पाळी पुढे अधूनमधून येऊ लागली होती, त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांनी टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या पेशींवरचा इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारं औषध, सुरू केलं, रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी. थायरॉईडसाठी ५० मायक्रोग्रॅमची गोळी त्या आधीपासून घेत होत्या. शाळेत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणत गेले. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत आणि अशाच प्रश्नाने आलेल्या आणखी एक-दोघींची हकीकत यात मिसळली आहे.

मी आहारतज्ज्ञ, आणि त्या माझ्याकडे आल्या त्या वजनासाठी. टॅमॉक्सिफेन सुरू झाल्यापासून वजन चढत होतं, गरम वाफा येऊन रात्री झोपमोड होत होती. दिवसभरात काय खाता असं विचारलं की बहुतेक जणी पोळी-भाजीपासून सुरुवात करतात. बाईंनी सुरुवात केली ती सकाळच्या कोबीच्या रसापासून. उठल्यावर थायरॉईडची गोळी, दहा मिनिटांनी मिक्सरमधून काढलेला कच्च्या कोबीचा मोठा पेला, मग चहा. रसामुळे पोट फुगतं, वर्गात उभं राहणं नकोसं होतं, पण ‘इस्ट्रोजेन कमी व्हायला हवं ना’ म्हणून त्या तो नेटाने पीत होत्या.

मी नेहमी विचारते तसं विचारलं, या दोन गोळ्यांखेरीज काही घेता का? कॅल्शियम, काढे, पावडरी, कुणी पाठवलेलं काही? बाईंनी पर्समधून एक पांढरी बाटली काढली. न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेली. “आत्या, इकडे ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या कितीतरी जणी हे घेतात, ब्रोकोलीतलंच आहे,” असं त्याने फोनवर सांगितलं होतं. लेबलवर डीआयएम, १०० मिलिग्रॅम, दिवसाला दोन. खाली बारीक अक्षरात इस्ट्रोजेनच्या निरोगी चयापचयाला मदत होते असा दावा. दुसरी बाटली चालू होती, म्हणजे साधारण दोन महिने झाले होते. कर्करोगतज्ज्ञांना सांगितलं का?

“ते औषध थोडंच आहे, मॅडम? कोबीचंच तर आहे.”

या प्रकरणात जे काही शिकण्यासारखं आहे ते या एका वाक्यात अडकलेलं आहे. कोबी आणि कोबीतून आलेला एक रेणू, या दोन गोष्टी बाईंच्या मनात एकच होत्या. भाच्याच्या मनातही. आणि त्यात त्यांचं फारसं चुकलं असंही मला वाटत नाही, कारण त्या बाटलीमागे खरं विज्ञान आहे. अडचण अशी की ते विज्ञान अर्ध्यावर सोडून विकलं जातं.

कोबी चिरल्यावर काय होतं

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, सलगम, मोहरी, अळीव ही सगळी एकाच कुळातली. फुलाला चार पाकळ्या, क्रूसासारख्या समोरासमोर, म्हणून या कुळाचं जुनं नाव क्रुसिफेरी. या झाडांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं साठवलेली असतात आणि वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम). कीड चावली किंवा आपण विळी चालवली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि तिखट, झणझणीत पदार्थ तयार होतात. झाडाचं ते संरक्षण.

हे स्वतः अनुभवायचं असेल तर मोहरी फेसावी. पाट्यावर किंवा खलात थोडं पाणी घालून मोहरी वाटत राहिलं की पहिल्यांदा काहीच कळत नाही. मग हळूहळू फेस येतो आणि एकदम नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत झिणझिण्या जातात. तीच ती क्रिया. कोरड्या मोहरीत हा झणका नसतो, फोडणीत तडतडलेल्या मोहरीतही नसतो, कारण गरम तेलात विकर मरून जातं.

कोबी आणि ब्रोकोलीत एक खास ग्लुकोसिनोलेट असतं, ग्लुकोब्रॅसिसिन. ते फुटलं की इंडोल-३-कार्बिनॉल तयार होतं. हा रेणू अस्थिर. पोटातल्या आम्लात गेला की त्याचे दोन-दोन, तीन-तीन रेणू एकमेकांना चिकटतात आणि जे मिश्रण तयार होतं त्यातला एक मुख्य पदार्थ म्हणजे डायइंडोलिलमिथेन, म्हणजेच बाटलीवरचं डीआयएम. ब्रोकोलीतलं दुसरं प्रसिद्ध द्रव्य सल्फोराफेन, ते वेगळ्या ग्लुकोसिनोलेटपासून येतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलाले यांच्या गटाने १९९२ मध्ये ते पुढे आणलं. त्याचं मुख्य काम पेशीतली विषहारक विकरं जागी करणं, आणि इस्ट्रोजेनच्या गोष्टीत ते दुय्यम आहे. बाजारात दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून इथे वेगळं सांगितलं.

इस्ट्रोजेनच्या तीन वाटा

शरीरातलं इस्ट्रोजेन काम झाल्यावर तसंच बाहेर पडत नाही. यकृतात आणि इतर ऊतींत त्याच्यावर प्रक्रिया होते. एका वाटेने २-हायड्रॉक्सी इस्ट्रोन बनतं, त्याची इस्ट्रोजेन म्हणून ताकद फार कमी. दुसऱ्या वाटेने १६-अल्फा-हायड्रॉक्सी इस्ट्रोन बनतं, ते बऱ्यापैकी ताकदवान. तिसरी वाट ४-हायड्रॉक्सीची. तिच्यातून पुढे क्विनोन नावाची द्रव्यं तयार होऊन डीएनएला इजा पोचू शकते, म्हणून संशोधकांना तिची काळजी वाटते.

कोबीतले हे इंडोल गटातले रेणू पेशीतल्या एएचआर नावाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतात आणि सीवायपी-१ए१, सीवायपी-१ए२ ही विकरं वाढवतात. हीच विकरं इस्ट्रोजेनला पहिल्या, म्हणजे दोनच्या वाटेला लावतात. कल्पना साधी होती: कोबी खा, दोनची वाट रुंद होईल, सोळाची अरुंद, आणि स्तनांच्या पेशींना मिळणारी चिथावणी कमी होईल.

ही कल्पना कुठल्या विक्रेत्याच्या डोक्यातून आलेली नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जॅक फिशमन, लिऑन ब्रॅडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांमध्ये सोळाच्या वाटेने होणारी प्रक्रिया जास्त होती. त्याआधी १९७८ मध्ये वॉटेनबर्ग आणि लूब यांनी उंदरांवर दाखवलं होतं की कोबीतले इंडोल आधी दिले तर रसायनाने होणाऱ्या स्तनांच्या गाठी कमी होतात. १९९० मध्ये मिच्नोविच आणि ब्रॅडलो यांनी निरोगी स्त्री-पुरुषांना आठवडाभर इंडोल-३-कार्बिनॉल दिलं, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ६-७ मिलिग्रॅम, आणि दोनच्या वाटेची प्रक्रिया सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. डेन्मार्कमध्ये १९९६ साली रोज अर्धा किलो ब्रोकोली बारा दिवस खायला घालून लघवीतलं दोन-सोळाचं गुणोत्तर जवळपास ३० टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं गेलं.

म्हणजे भाजीने इस्ट्रोजेनची वाट बदलते, हे खरं आहे. बाटलीवरचं वाक्य इथपर्यंत खोटं नाही.

पण वाट बदलली म्हणून कर्करोग टळला का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन-सोळाच्या गुणोत्तरावरून कुणाला कर्करोग होईल हे आधी सांगता येतं का, हे पाहायला नंतर मोठे, वर्षानुवर्षं चालणारे अभ्यास झाले. त्यांतून एकसारखं उत्तर निघालं नाही. काहींत गुणोत्तर जास्त असलेल्या स्त्रियांना धोका थोडा कमी दिसला, काहींत फरकच नव्हता. पुढे मोजमापाच्या पद्धती सुधारल्या, एकाच नमुन्यात पंधरा प्रकारची इस्ट्रोजेनं मोजता येऊ लागली, आणि या एका गुणोत्तराला सुरुवातीला मिळालेलं महत्त्व ओसरलं. तरी लघवीचा नमुना पाठवा, तुमचं गुणोत्तर कळवतो, मग आमची कॅप्सूल घ्या, असा धंदा चालूच राहिला. बाईंच्या भाच्यालाही ती तपासणी करून घ्यायची होती. मी नको म्हटलं, कारण आकडा काहीही आला असता तरी त्यावरून बाईंच्या उपचारात आम्ही काहीच बदललं नसतं.

आणखी एक जुना प्रयोग मला कायम महत्त्वाचा वाटत आला आहे. ओरेगनमध्ये बेली यांच्या गटाने १९८७ मध्ये ट्राउट माशांना अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा कर्करोग घडवणारं बुरशीचं विष दिलं. इंडोल-३-कार्बिनॉल आधी आणि सोबत दिलं तर यकृताच्या गाठी कमी झाल्या होत्या, पण अफ्लाटॉक्सिन देऊन झाल्यावर नंतर देत राहिले तेव्हा गाठी वाढल्या. मासा म्हणजे माणूस नव्हे. पण एकच रेणू कधी दिला यावर त्याचा परिणाम उलटू शकतो, एवढं तो प्रयोग सांगतो. आणि बाई ‘आधी’च्या टप्प्यावर नव्हत्या. त्यांना कर्करोग होऊन गेला होता आणि त्या औषधावर होत्या.

बाईंचं खरं औषध

टॅमॉक्सिफेन गोळीच्या रूपात पोटात जातं तेव्हा ते फारसं बलवान नसतं. यकृतात त्याच्यावर दोन टप्प्यांत काम होतं. सीवायपी-३ए४ त्याचं एन-डेसमिथाइल टॅमॉक्सिफेन करतं आणि सीवायपी-२डी६ त्यापासून एंडॉक्सिफेन बनवतं. दुसऱ्या वाटेने ४-हायड्रॉक्सी टॅमॉक्सिफेनही बनतं. एंडॉक्सिफेन आणि ४-हायड्रॉक्सी टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनच्या ग्राहकाला मूळ गोळीपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतात. म्हणजे रुग्ण गिळते एक पदार्थ आणि काम करतो दुसरा, आणि मधलं सगळं यकृतातल्या विकरांच्या हातात. म्हणूनच टॅमॉक्सिफेनवरच्या स्त्रीला गरम वाफांसाठी किंवा नैराश्यासाठी पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन देणं डॉक्टर टाळतात. ती औषधं सीवायपी-२डी६ ला अडवतात.

आता अशा वेळी विकरांचा तोल हलवणारं दुसरं काही रोज घेतलं तर काय होईल? हा प्रश्न नुसता तर्काचा राहिलेला नाही. त्यावर नेमका प्रयोग झालेला आहे.

ॲरिझोना विद्यापीठातल्या सिंथिया थॉमसन आणि सहकाऱ्यांनी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १३० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला डीआयएमचं चांगलं शोषलं जाणारं मिश्रण, १५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, बारा महिने. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

डीआयएम घेणाऱ्या स्त्रियांत दोन-सोळाचं गुणोत्तर वाढलं. रक्तातलं एसएचबीजी, म्हणजे लैंगिक संप्रेरकांना धरून ठेवणारं प्रथिन, तेही वाढलं. बाटलीच्या भाषेत बोलायचं तर इस्ट्रोजेनचा चयापचय ‘निरोगी’ झाला. मॅमोग्राफीत दिसणाऱ्या स्तनांच्या घनतेत फरक पडला नाही. आणि त्याच स्त्रियांच्या रक्तात एंडॉक्सिफेन, ४-हायड्रॉक्सी टॅमॉक्सिफेन आणि एन-डेसमिथाइल टॅमॉक्सिफेन, तिन्ही, दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी झाले.

मी हे बाईंना कागदावर दोन रकाने आखून दाखवलं. डावीकडे जे सुधारलं ते, उजवीकडे जे घटलं ते. बाई गणित शिकवतात. त्यांनी उजव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे मी गोळी घेते ती निम्मी वाया जाते का?”

निम्मी असं कुणी म्हणू शकत नाही. एंडॉक्सिफेन इतकं खाली आलं म्हणजे कर्करोग उलटण्याचा धोका इतका वाढला, असं त्या प्रयोगातून निघत नाही. तेवढ्या स्त्रियांवर, बारा महिन्यांत, ते कळणंही शक्य नव्हतं. कदाचित काहीच बिघडत नसेल. पण तराजूची दुसरी बाजू पाहा. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतल्याने कर्करोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण घटतं, हे हजारो स्त्रियांवर सिद्ध झालेलं आहे. डीआयएममुळे एकाही स्त्रीचा कर्करोग उलटायचा टळला, असं दाखवणारा प्रयोग नाही. सिद्ध झालेल्या औषधाचा क्रियाशील भाग कमी करण्याचा धोका पत्करून कागदावरचा एक आकडा सुधारायचा, याला माझ्या मते काही अर्थ नाही. हे मी बाईंना अगदी याच शब्दांत सांगितलं आणि लगेच जोडलं की बाटली आज थांबवा, पण शेवटचा शब्द तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचा, त्यांना आजच फोन करा.

मग भाजीचं काय?

बाईंचा पुढचा प्रश्न तोच होता, आणि जरा घाबरलेल्या आवाजात. आता कोबीही बंद का?

मुळीच नाही. पण हे सांगताना मात्रा समजून घ्यायला हवी. ग्लुकोब्रॅसिसिनचे दोन रेणू मोडले की डीआयएमचा एक रेणू बनतो, आणि रेणूंची वजनं पाहिली तर १०० मिलिग्रॅम डीआयएमसाठी साधारण ३६५ मिलिग्रॅम ग्लुकोब्रॅसिसिन लागेल, तेही सगळंच्या सगळं रूपांतरित झालं असं धरून. पोटात तसं कधी होत नाही. १०० ग्रॅम कोबीत ग्लुकोब्रॅसिसिन वीस-चाळीस मिलिग्रॅमच्या घरात असतं, वाणानुसार कमी-जास्त. म्हणजे बाईंच्या दोन कॅप्सूलइतकं डीआयएम मिळवायला रोज दोनेक किलो कच्चा कोबी खावा लागला असता, आणि प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. घरात चौघांसाठी केलेल्या भाजीतून एकीच्या वाट्याला येतो तो कोबी दीडशे ग्रॅम.

भाजीचा परिणाम अगदीच शून्य असतो असं मात्र नाही. १९७९ मध्येच पॅन्टक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ब्रसेल्स स्प्राउट आणि कोबी भरपूर खाल्ला की निरोगी माणसांच्या शरीरातून काही औषधांचा निचरा जरा लवकर होतो. म्हणून रोज सकाळी अर्धा कोबी पिळून पिणं मला टॅमॉक्सिफेनवर असताना पसंत नाही. ताटातली भाजी वेगळी, उपचार म्हणून प्यायलेला रस वेगळा.

भाजीच्या बाजूने बोलणारा एक दुवाही आहे, आणि तो त्याच थॉमसन यांच्याकडून. अमेरिकेत आहाराच्या एका मोठ्या प्रयोगात सहभागी झालेल्या, कर्करोगाच्या उपचारातून गेलेल्या स्त्रियांची माहिती त्यांनी पुन्हा तपासली. २०११ मध्ये त्यांनी लिहिलं की टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या आणि भाज्या, विशेषतः या कुळातल्या, जास्त खाणाऱ्या स्त्रियांत कर्करोग उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. भाज्या जास्त खाणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतही तब्येतीला जपत असतात, त्याचा वाटा त्यात असणारच. आणि २०१३ मध्ये अमेरिका व शांघाय इथल्या ११,३९० रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा निदानानंतर या भाज्या खाण्याचा कर्करोग उलटण्याशी किंवा मृत्यूशी संबंध आढळला नाही, ना चांगला ना वाईट. शांघायच्या स्त्रिया या भाज्या भरपूर खातात, तरीही.

यातून मी बाईंना जे सांगितलं ते असं: भाजी ही भाजी म्हणून खा, कर्करोगावरचं औषध म्हणून नको. आणि ती खाल्ल्याने टॅमॉक्सिफेनला धक्का पोचेल अशी भीतीही नको.

ताट

बाईंच्या घरी कोबीची भाजी म्हणजे चणाडाळ घालून, झाकण ठेवून, पिवळी पडेपर्यंत शिजवलेली. इंडोल गटातली ग्लुकोसिनोलेट उष्णतेला लवकर बळी पडतात आणि पाण्यात उकळलं तर ती त्या पाण्यात उतरतात. फ्लॉवर आधी उकळून पाणी फेकून देण्याची सवय त्यांच्याकडे होती. अळ्या निघाव्यात म्हणून. त्याऐवजी फ्लॉवरचे तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचे आणि धुऊन थेट परतायचे, असं ठरलं. अळ्या तशाही निघतात.

कोबी बारीक चिरून लगेच कढईत न टाकता अर्धा-पाऊण तास तसाच ठेवायचा, म्हणजे मायरोसिनेजला काम करायला वेळ मिळतो. सकाळी डब्याच्या घाईत हे जमत नाही, तेव्हा आधी कोबी चिरून ठेवायचा आणि मग कणीक मळायची, पोळ्या करायच्या, भाजी शेवटी. बाईंना हे पटलं कारण यात वेगळं काही करायचं नव्हतं, फक्त क्रम बदलायचा होता.

शिजलेल्या भाजीत विकर उरत नाही, तेव्हा ते बाहेरून देता येतं. ब्रिटनमधल्या प्रयोगांत शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरली तेव्हा सल्फोराफेन कितीतरी जास्त मिळालं, कारण मोहरीचं मायरोसिनेज चिवट असतं. आपल्याकडे फेसलेल्या मोहरीची कोशिंबीर आहेच. बाईंची आई काकडीची आणि केळ्याची करायची. कोबी हलका वाफवून, दही आणि फेसलेली मोहरी घालून केलेली कोशिंबीर बाईंच्या आठवड्यात आली. मोहरीत स्वतःचे इंडोल फार नसतात, तिचा झणका वेगळ्या द्रव्याचा, पण विकर पुरवायला ती उत्तम.

कच्च्या कोबीची पचडी मी बंद केली नाही, पण पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवायला सांगितली. सांडपाण्यावर वाढलेल्या कोबीच्या पानांच्या घड्यांत फीतकृमीची अंडी असू शकतात आणि मेंदूपर्यंत जाणारा तो आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. वरची पानं काढून टाकायची आणि ज्या गड्ड्याची खात्री नाही तो शिजवूनच खायचा.

मुळा आणि मुळ्याचा पाला, नवलकोल, थंडीत सलगम मिळालं तर तेही. ब्रोकोलीचा आग्रह मी धरत नाही. बाईंच्या गावच्या बाजारात ती मिळत नाही, आणि तिच्यासाठी साताऱ्याला खेप मारण्याइतकं तिच्यात काही नाही.

थायरॉईडचा धागा सुटायला नको. बाईंचा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा, मागच्या तपासणीत थोडा चढलेला होता. कोबीतल्या काही द्रव्यांमुळे आयोडीन कमी असताना थायरॉईडवर ताण येऊ शकतो, म्हणून अनेक जणी थायरॉईडचा त्रास असल्याचं कळलं की कोबी-फ्लॉवर कायमचा सोडतात. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या, शिजवलेली भाजी बेताने खाणाऱ्या स्त्रीला तसं करायची गरज नसते. बाईंच्या बाबतीत मला जास्त संशय होता तो दहा मिनिटांच्या अंतराचा. थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घेऊन निदान अर्धा तास, शक्यतो तास, काही खायचं-प्यायचं नाही, तरच ती नीट शोषली जाते. रस बंद झाला, गोळी आणि चहा यांच्यात तासाचं अंतर आलं, आणि पुढच्या तपासणीत टीएसएच नेहमीच्या मर्यादेत होता. कोणत्या बदलाने किती फरक पडला हे सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी झाले.

पुढे काय झालं

कर्करोगतज्ज्ञांनी डीआयएम त्याच दिवशी थांबवायला सांगितलं. टॅमॉक्सिफेनची मात्रा बदलली नाही. एंडॉक्सिफेनची रक्ततपासणी नेहमीच्या उपचारात केली जात नाही, तीही केली नाही. वाढलेली विकरं कॅप्सूल थांबल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होतात, त्यामुळे या दोन महिन्यांचं मोठं ओझं घेऊ नका, असं त्यांनी बाईंना समजावलं. गरम वाफांसाठी टॅमॉक्सिफेनच्या वाटेत न येणारं औषध लिहून दिलं.

वजनाचा मूळ प्रश्न शेवटी चालण्याने आणि संध्याकाळच्या फरसाणाला आळा घातल्याने सुटू लागला. इस्ट्रोजेनच्या दृष्टीनेही हेच जास्त मोलाचं. पाळी थांबल्यावर अंडाशय गप्प होतात आणि शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत, ॲरोमॅटेज या विकरामुळे बनतं. बाई त्या उंबरठ्यावर आहेत.

भाच्याला फोन मीच केला, बाईंच्या सांगण्यावरून. तो काळजीपोटी हे करत होता, आणि त्याला प्रयोगाची माहिती दिल्यावर त्याने ती स्वतः शोधून वाचली. त्याचा प्रतिप्रश्न रास्त होता: कर्करोग नसलेल्या, टॅमॉक्सिफेन न घेणाऱ्या बाईने डीआयएम घेतलं तर? तिच्या बाबतीत एंडॉक्सिफेनचा मुद्दा उरत नाही. पण गर्भनिरोधक गोळ्या, रक्तदाबाची, फिटची, झोपेची औषधं, यांतली कितीतरी याच विकरांच्या हातून जातात. आणि तिला त्यातून मिळणारा फायदा अजून कुणी दाखवलेला नाही. त्याची बायको ते घेत होती, असं नंतर कळलं. तिने आपल्या डॉक्टरांना विचारायचं ठरवलं.

बाईंची पाळी वर्षभर आली नाही आणि रक्ततपासणीतही रजोनिवृत्ती दिसली तर तज्ज्ञ टॅमॉक्सिफेनऐवजी ॲरोमॅटेज रोखणारं औषध देण्याचा विचार करणार आहेत. तेव्हा हाडांची तपासणी लागेल, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे पाहावं लागेल, आणि आहाराचा कागद पुन्हा लिहावा लागेल. बाईंच्या फाइलवर सध्याच्या औषधांच्या यादीखाली आता एक ओळ लाल शाईत आहे: बाहेरून आणलेल्या कॅप्सूल, काढे, पावडरी. दर भेटीला ती ओळ वाचायची आणि समोर तारखेसह ‘नाही’ किंवा नाव लिहायचं. मागच्या भेटीत तिथे ‘अळिवाचे लाडू, दोन’ असं बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. लाडू चालतात.